पट्टीआडचा वैमानिक

गोपिका कळमेश्वरकडच्या खेड्यातून नागपूरच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला आली, तेव्हा तिचं इंग्रजी एवढंच होतं: येस सिस्टर, नो सिस्टर आणि सॉरी सिस्टर. त्यातलं तिसरं दिवसभर कामी यायचं. शिकवणं सगळं इंग्रजीत. तिला अक्षर लावून वाचता यायचं, पण अर्थाच्या नावाने बोंब. तोंडी परीक्षेत गचकली तर गाव, आणि गावात बापाने स्थळ हेरून ठेवलेलंच होतं.

साल अडुसष्टच्या आसपासचं. हिवाळ्यात डोळ्यांचा वॉर्ड मोतीबिंदूवाल्यांनी भरून जायचा. तेव्हा ऑपरेशन झालं की दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि निमूट पडून राहायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. खिडकीजवळच्या खाटेवर देवराव होते, रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांचा एक डोळा आधीच गेला होता. त्या ऑपरेशनच्या आठवड्यातच बायको वारली, ते पट्टीआड रडले आणि टाके तुटले. आता हा एकच उरलेला. म्हाताऱ्याचं मन शांत ठेव, असं डॉक्टरांनी गोपिकाला बजावलं होतं.

“पोरी, उशीखाली पुस्तक हाय,” देवराव एका दुपारी म्हणाले. “वाचून दाखव ना वं.”

“मले इंग्रजी नाही येत, काकाजी.”

“तुले अक्षर येते, मले अर्थ येते. दोघं मिळून एक मानूस तं होतो.”

पुस्तक सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेलं, जाडजूड कादंबरी. ब्रह्मदेशातल्या लढाईची गोष्ट. जंगलात वायरलेस घेऊन लपलेला एक गुप्तहेर, आणि छोट्या विमानातून त्याला रसद टाकणारा एक वैमानिक. देवरावांचा धाकटा भाऊ मुकुंद त्याच लढाईत विमानांचा मेकॅनिक म्हणून गेला होता. तो आला नाही, त्याची तारही आली नाही. एवढं एकदाच सांगून देवराव संत्र्यांच्या भावावर बोलायला लागले.

मग रोज दुपारी वॉर्ड झोपला की वाचन सुरू. खाटांवरून ऊन हळूहळू सरकायचं, कुठेतरी कुणीतरी संत्रं सोललेलं असायचं, आणि गोपिका अक्षरं जुळवत जंगलात शिरायची.

“अँबुश म्हणजे?”

“तुरीत दबा धरून बसनं.”

“आन् कॅमफ्लाज?”

“ज्वारीत बसलेला पोपट. दिसते का?”

“नाही दिसत.”

“तेच.”

अशाने शब्द तिच्या अंगात मुरले. फक्त ते सगळे लढाईचे होते. इंजेक्शनला नाही म्हणणारा पेशंट अखेर तयार झाला, तेव्हा तिने सिस्टरला ऐटीत सांगितलं की पेशंट सरेंडर झाला. सिस्टर ओरडली, पण तोंड फिरवून हसलीही. होस्टेलकडे जाताना सोनेगावच्या विमानतळावर उतरणारं विमान दिसलं की ही रस्त्याच्या मधोमध उभी. आतला माणूस आपल्या ओळखीचा आहे असं तिला वाटायचं. “बाई, घर से बोल के आयी क्या?” असं रिक्षावाला खेकसला म्हणजे ती कडेला व्हायची. झोपेतही पांढरी पॅराशूटं तिच्या बापाच्या कपाशीवर अलगद उतरायची.

पट्टी सुटायची वेळ जवळ आली आणि पुस्तकाचंही शेवटचं पान आलं. गोपिकाने ते आधी मनातल्या मनात वाचलं. पहिल्यांदाच तिला एक अख्खं पान कुणाला न विचारता कळलं. वैमानिक गुप्तहेराला न्यायला आला होता. विमानाला गोळी लागली, आग लागली, तो आतच राहिला. झाडाखालचा गुप्तहेर वर पाहत उभा होता.

“काहून थांबली वं?”

गोपिकाने देवरावांच्या पट्टीकडे पाहिलं.

“पान चिकटलं होतं, काकाजी,” ती म्हणाली, आणि पुस्तक मांडीवर ठेवून इंग्रजीत बोलू लागली. आजवर तिने दुसऱ्याचं इंग्रजी वाचलं होतं, हे तिचं स्वतःचं होतं. विमान लँड झालं, असं तिने सांगितलं. कुठे, तर शेतात. शब्द गोळा करता करता ब्रह्मदेशच्या जंगलात संत्र्यांचा बगीचा उगवला, विहीर आली, विहिरीवर एक बाई आली. बाईने वैमानिकाला भाकर दिली. भाकरीला इंग्रजी शब्द तिला ठाऊक नव्हता, म्हणून भाकर तशीच राहिली.

देवरावांच्या ओठांचा कोपरा हलला. “साहेबानं भाकर लिहिली?”

“हो काकाजी. छापलं हाय.”

चादरीवरची त्यांची बोटं हलत राहिली.

“आन् मंग? घरी आला का तो?”

“आला.”

“मायनं ओळखलं त्याले?”

“दुरूनच ओळखलं.”

“बरं झालं वं,” देवराव म्हणाले, आणि त्यांनी मोठा श्वास सोडला.

गोपिकाने वाकून पट्टीच्या कडेला बोट लावून पाहिलं. पट्टी कोरडी होती. मग तिला आपल्या हनुवटीवरून पुस्तकावर टपटप काहीतरी पडताना दिसलं. तिने ते थांबवलं नाही, फक्त आवाज होऊ दिला नाही. तिच्या डोळ्यांना कुठल्या डॉक्टरची मनाई नव्हती.