पडलेला गडगा

"गडगा म्हणजे अहंकार! लिहून घे!" काका ओरडले, आणि त्या आवाजाने मांडवीच्या किनाऱ्यावरची भरती दोन वाव मागे सरली. खोटं वाटत असेल तर मांडवीत कुणालाही विचारा. फक्त आमच्या घरात विचारू नका, ते मला ओळखतात.

"अहंकार कसला! देह!" ढोलकीवाला त्यांच्यावर ओरडला. "एकेक दगड म्हंजे एकेक इंद्रिय!"

"मेल्या, देह पडला तर माणूस मेला. मेलेला माणूस 'बघू' कसा बोलेल?"

मी वही घेऊन दोघांच्या मध्ये बसलो होतो, आणि माझं लग्न त्या दोन अर्थांच्या मध्ये लोंबकळत होतं.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी मी एका मुलीला मागणी घालायला तिच्या वडिलांकडे गेलो होतो. मुलीचा होकार होता, अडकलं होतं ते वडिलांपाशी. ते ओटीवर बसून सुपारी कातरत होते. मी घसा कोरडा पडेपर्यंत बोललो. त्यांनी सुपारी तोंडात टाकली, आंब्याच्या कलमांच्या बागेकडे बघितलं आणि म्हणाले, "आमचा गडगा पडलाय. तो उभा रायला की बघू." आणि उठून आत गेले.

गडगा म्हणजे जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून बागेला घातलेलं कुंपण. हे कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं. पण हे वडील साधे वडील नव्हते. ते शक्तीवाल्यांचे शाहीर होते, आणि आमचं घर सात पिढ्यांचं तुरेवालं. (खरं तर तीन. पण सात म्हटलं की ढोलकी नीट वाजते.)

आमच्याकडे शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. एका बाजूचा शाहीर गाण्यातून कोडं घालतो, दुसऱ्याने त्यातला गूढार्थ ओळखून गाण्यातच उत्तर द्यायचं. नाही आलं तर वर्षभर मान खाली घालून बाजाराला जायचं. आमचे काका शाहीर, आणि त्यांच्या मागे बसून अर्थ शोधणारा मी. एरवी मी मिरकरवाड्याला ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. इंजिन बरं असतं. खोललं की दोष हातात येतो. गाण्याला मात्र कुठे नट नाही, कुठे बोल्ट नाही, आणि तरी आत काहीतरी धडधडत असतं. ते काय, हे कळेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही.

तर मागच्या वर्षीच्या सामन्यात या बुवांनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, कोडं घातलं: एका माउलीला तीन लेक, एक गेलेला, एक आलेला, एक यायचा, आणि तिने कुणाचंच तोंड पाहिलेलं नाही. मी वहीत अर्थ लिहिला. माउली आंधळी आहे आणि लेक मुंबईला आहेत. आमच्या गावात घरोघरी हीच परिस्थिती, मला त्यात नवल ते काय वाटणार! काकांनी त्या म्हातारीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनाबद्दल चार कडवी गायली. बायका रडल्या. मग बुवा उठले, "काळ रे, काळ!" म्हणाले, आणि मांडव असा हसला की दोन बांबू निसटले.

त्या दिवशी काकांनी नियम केला: या माणसाचा एकही शब्द सरळ घ्यायचा नाही.

तो नियम मला असा भिनला की आई "भात निवतोय" म्हणाली, तरी मी निवणं म्हणजे काय, यावर विचार करत बसायचो. भात खरंच निवायचा.

म्हणून गडग्याचं प्रकरण तीन दिवस चाललं. "पडलाय" म्हणजे शक्ती आणि तुरा यांच्यातली भिंत पडली, असं आमच्या फडातल्या एकाने काढलं. म्हणजे होकार! "उभा रायला की बघू" म्हणजे ती भिंत पुन्हा उभी करणार, असं दुसऱ्याने काढलं. म्हणजे नकार! मी त्या तीन दिवसांत पाच वेळा नवरदेव झालो आणि सहा वेळा बिनलग्नाचा राहिलो.

चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला.

"अरे, तू परत आलाच नाहीस! बाबांना माणसं मिळत नाहीयेत."

मी हे वहीत लिहून घेतलं. काकांनी वाचलं आणि डोळे मिटले. "एवढी दुनिया बघितली, पण खरा माणूस मिळाला नाय म्हणतो. काय बोललाय बुवा!" शत्रूबद्दल त्यांच्या डोळ्यात पहिल्यांदा पाणी आलं.

"बागेतले नेपाळी हंगाम संपवून गावी गेले," ती पुढे म्हणाली. "गुरं आत शिरून कलमं खातायत. रविवारी ये. आणि येताना हातमोजे आण."

हातमोज्यांनी आमचा एक पूर्ण दिवस खाल्ला. शेवटी ठरलं: हात झाकणे म्हणजे कर्तेपण सोडणे.

रविवारी सकाळी आम्ही आठ जण धुतलेली धोतरं नेसून, ढोलकी-झांजा घेऊन, बारा कडव्यांचं उत्तर तयार करून निघालो. बागेशी पोचलो तर गडगा खरोखरच पडलेला. चांगला पन्नास पावलं आडवा. आम्ही त्या दगडांवरूनच आत शिरलो. ढोलकीवाल्याच्या अंगठ्याला ठेच लागली. त्याने शिवी दिली, लंगडत पुढे आला आणि सूर धरला.

बुवा डोक्याला पंचा गुंडाळून, एक दगड पोटाशी धरून उभे होते. आम्ही गायलो. गडगा हा भ्रम आहे, तो कधी नव्हताच; तू आणि मी असा भेद ज्याने रचला त्यानेच तो पाडला; हे शाहिरा, आता तो उभा करू नकोस. काका असे रंगले की झाडावरचे कावळे वन्समोअर मागायला लागले. चार गायीही गडगा ओलांडून ऐकायला आल्या आणि ऐकता ऐकता कलमांचा पाला ओरबाडू लागल्या.

बुवांनी बाराही कडवी ऐकली. दगड खाली ठेवला नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," काका म्हणाले.

घरातून मुलगी आली. तिने आठ धोतरांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"हातमोजे कुठायत?"

तिचा चेहरा बघून मला एवढं कळलं की या क्षणी आणखी एक अर्थ काढला तर मी जन्मभर इंजिनांशीच बोलत बसणार. मी वही धोतरात खोचली आणि वाकून पहिला दगड उचलला. तो कमीत कमी हत्तीएवढा होता. मग दुसरा. मग काका आले, कुरकुरत. अंगठ्याला फडकं बांधून ढोलकीवाला आला. संध्याकाळपर्यंत आमची बोटं सोलून निघाली, धोतरं जांभ्यासारखी लाल झाली आणि गडगा उभा राहिला. बुवांनी तो हाताने हलवून बघितला. हलला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या तुझ्या बापाला घेऊन ये."

लग्न झालं. बुवा आता माझे सासरे. तरी माझ्या मनातला किडा गेला नव्हता. एवढा मोठा शाहीर, अख्खा जन्म गूढ बोलण्यात घालवलेला, त्याने त्या दिवशी मला काहीतरी सुचवलं असणारच. पहिल्या सणाला सासरी गेलो तेव्हा दोघेच ओटीवर होतो. मी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज उतरवून विचारलं, "मामा, आता तरी सांगा. त्या गडग्याचा आतला अर्थ काय होता?"

त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. बागेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी खिशातून वही काढली.

"गडगा पडलेला," ते म्हणाले.