निवडणूक हरलेले काका आणि माझा दाखला

मंडळी, आज सकाळचं सांगायलाच हवं. मुलीच्या शाळेसाठी नगरसेवकाच्या सहीचा रहिवासी दाखला हवा होता, तोही आजच. सवयीने मी आमच्या समा भागातल्या वसंतकाकांकडे गेले. पाच वेळा निवडून आलेले काका गेल्याच महिन्यात हरले, हे दारात उभी राहिल्यावर आठवलं. मी ओशाळले.

"अगं, माझी सही आता चालत नाही. पण चल," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

त्यांना हरवणाऱ्या नव्या नगरसेविकेच्या ऑफिसात गर्दी होती. काका माझ्याबरोबर बाकावर बसले. अर्ध्या तासाने हळूच म्हणाले, "लोकांना इतकं थांबावं लागतं, हे मला पंचवीस वर्षं कळलंच नाही गं."

तेवढ्यात बाईंनी त्यांना पाहिलं आणि स्वतःची खुर्ची पुढे करत गुजरातीत म्हणाल्या, "आवो काका, बेसो ने!"

"ना बेन, आधी या सगळ्यांचं होऊ दे," काका हसून म्हणाले.

दाखला मिळाला. परतताना मी विचारलं, "काका, वाईट वाटलं का?"

"हरलो त्या दिवशी वाटलं. आज जेवून दुपारी मस्त झोपणार. इतक्या वर्षांत जमलं नव्हतं."

तुमच्या भागातल्या जुन्या नगरसेवकांना शेवटचं कधी भेटलात, काहीही काम नसताना?