गंगेपल्याड लावलेली आग

आईला घेऊन काशीला निघालो, तेव्हा ती म्हणाली, निदान देवाच्या दारी तरी सरकारी कोट घालू नकोस. ऐकतोय कोण! जंगलखात्यातला कारकून मी; पितळी बटणं नसली तर गल्लीतलं कुत्रंही मला विचारत नाही.

रामघाटावर एका शास्त्रीबुवांकडे उतरलो. घर मराठी, पण बोलण्याची पार खिचडी. "गलीत सांड बसला आहे, जरा बाजूने या," हे आमचं पहिलं स्वागत. पानात वरणभात आणि कचौडी शेजारी शेजारी. मी दोहोंपैकी कोणाचाही अपमान केला नाही.

तिसऱ्या सकाळी बुवांबरोबर पंचगंगा घाटावर स्नान उरकून कोट चढवला, आणि पाहतो तो पल्याडच्या रेतीवर धूर. माझं डोकंच फिरलं. आग जंगलाची वैरीण, हे मी अकरा वर्षं गावोगाव घोकवत आलेलो! शास्त्रीबुवा समजावू लागले. तो रामधनी मल्लाह (नावाडी) सरपत (मुंज जातीचं उंच गवत) जाळतो आहे. आलटून पालटून दर साली अर्धंच जाळायचं. उरलेल्या अर्ध्यात ससे-तित्तर राहतात. जळालेल्यातून कोवळे धुमारे येतात, त्यांचे दोर वळून त्याचं घर चालतं, आमच्या बटूंच्या मेखलाही त्यांच्याच. दोन वर्षं सरकारी मनाई झाली, तर गवताचं लाकूड झालं. यंदाही जाळलं नाही तर म्हातारा कलकत्त्याच्या गिरणीत जाणार.

मी म्हटलं, कायदा म्हणजे कायदा. नाव केली. बुवा ओल्या पंच्यानिशी मागोमाग.

पल्याड रामधनी पलिता घेऊन शांत उभा होता. राखून ठेवलेल्या गवताच्या कडेने त्याने वाऱ्याच्या उलट आग लावली होती. ती गोगलगाईसारखी सरकत होती. मी त्याच्याच घागरीने ती विझवली. वर तोंडाचा पट्टा चालूच. तो एवढंच म्हणाला, "बाबूजी, हवा देखिए." (वारा बघा.)

वारा कसला बघतोय! मी त्याच्या हातातला पलिता हिसकावला आणि ऐटीत मागे भिरकावला. मागे वाळकं सरपत, आणि वारा तिकडूनच. भडका उठला तो थेट राखलेल्या गवताच्या दिशेने. ससे माझ्या पायांतून पळाले. मग काय, कोट गंगेत बुचकळला आणि आम्ही तिघं आग बडवत सुटलो. राखलेलं गवत चार पावलांवर आलं तेव्हा ती विझली.

तेवढ्यात चौकीदार हजर. आग कोणी लावली? रामधनीने मान खाली घातली. नोकरी डोळ्यांपुढे नाचली, तरी मी म्हणालो, "मी लावली." चौकीदाराने माझ्या काळ्याठिक्कर कोटाची बटणं पाहिली, खाड्कन सलाम ठोकला आणि सरकारी काम समजून चालता झाला. बुवा हसता हसता रेतीतच बसले.

आईने कोट पाहिला. दोन बोटांत धरून तो धुण्यात टाकला.

गावी परतलो तो पहिलाच कागद हाती आला: डोंगरावर गवत जळाल्याचा. गेलो. म्हातारा धनगर मला पाहताच मनगटं पुढे करून उभा राहिला. याच गुन्ह्यासाठी मी त्याला दोनदा कोठडीत धाडलं होतं. लाज वाटली, खरंच लाज वाटली. त्याच्याशेजारी दगडावर बसलो आणि विचारलं, "बाबा, वारा कुठून होता तेव्हा?"

 त्याने मनगटं खाली घेतली आणि सांगू लागला.