सुरीचं उलथनं

कॉलेजात मला विजेची शाखा हवी होती. मिळाली चामड्याची.

अर्ज घेऊन खिडकीशी उभा होतो तेव्हा कारकुनानं माझी जात लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. “तुम लोगों का वजीफा इधर है मियाँ, चमड़े में. बिजली में गए तो फीस भरना पड़ता.” वजिफा म्हणजे शिष्यवृत्ती. फी भरणं आम्हाला जमणार नव्हतं. वडील हैदराबादेत काचीगुड्याच्या रेल्वे यार्डात खलाशी म्हणजे मजूर, आणि नल्लकुंट्यात एका खोलीत आम्ही तिघं. मी म्हणालो, चालेल. त्या वेळी मला वाटलं, कुठलीही शाखा असली तरी कॉलेज ते कॉलेज.

वडिलांना मी बा म्हणतो. गावी, मराठवाड्यात, बा मेलेली गुरं ओढायचा आणि सोलायचा. ते काम त्यानं मागून घेतलेलं नव्हतं. गाव सोडलं त्या दिवशी त्यानं आपली सुरी लोहाराकडे नेली आणि ती ठोकून तिचं उलथनं करून घेतलं. हैदराबादला आल्यापासून माय त्याच उलथन्यानं भाकरी उलटते.

मी कॉलेजात गेलो त्याच वर्षी राज्यं फुटली. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आम्ही इकडंच राहिलो. त्याच दिवसांत आमच्या लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. बानं मायला आणि मला समोर बसवून सांगितलं, “आजपासून ते काम हातानं नाही अन् तोंडानंबी नाही. या घरात त्याची बोली नको.”

मी भीत भीत म्हणालो, “बा, माझी तर शाखाच ती हाय.”

त्यानं माझ्या वह्यापुस्तकांकडे पाहिलं. मग म्हणाला, “तुझं पुस्तकातलं हाय. पुस्तकाला वास येत नाही.”

मलाही तसंच वाटत होतं. तोवर आमचा सगळा अभ्यास फळ्यावरच चालायचा. चुन्याच्या पाण्यात कातड्याचे केस का सुटतात, मीठ काय करतं, बाभळीची साल कातड्यात कशी मुरते, हे मी पाठ केलं होतं आणि पहिल्या चाचणीत वर्गात पहिला आलो होतो. दिवाळीनंतर मात्र आम्हाला शेडमध्ये नेलं. तिथं उतरत्या लाकडी ओंडक्यावर ओलं कातडं पसरलेलं होतं. दोन मुठींची वाकडी सुरी घेऊन त्याच्या आतल्या बाजूचं मांस खरवडून काढायचं होतं. शिकवणारे उस्ताद म्हातारे होते, प्रेमळ होते. त्यांनी सगळ्यांना एकेकदा दाखवलं. माझ्यापाशी आले आणि हसून पुढं निघाले.

“तेरेकू क्या सिखाना बेटा, तेरे घर का काम है.”

मी सुरी धरली. दुसऱ्याच फटक्याला कातडं आरपार फाटलं. माझ्या शेजारचा मुलगा बरकतपुऱ्यातल्या वकिलाचा होता. तो ओरडला, “अरे, ये तो घर का काम भूल गया!” सगळे हसले. त्याच्या मनात वाईट नव्हतं. दुपारी त्यानंच आपल्या डब्यातली पुरी मला दिली.

उस्तादांना सांगावंसं वाटत होतं की बानं मला त्या कामाच्या जवळसुद्धा फिरकू दिलं नाही. शिवाय आमच्याकडचे लोक नुसते सोलत. कातडं कमावणारी माणसं निराळी, त्यांची आळी निराळी. म्हणजे हे आमच्या घरचं काम कधी नव्हतंच. पण हे सांगायला लागलो तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी फाटलेलं कातडं गोळा करायला लागलो.

पुढच्या प्रत्येक वेळी माझं कातडं फाटलं. बाकीची मुलं विचारून विचारून शिकत होती. मला विचारता येत नव्हतं. एकदा विचारलं तर उस्ताद म्हणाले, “मज़ाक नक्को करो.”

प्रात्यक्षिकात नापास झालो तर वजिफा बंद होणार आणि वजिफ्याबरोबर कॉलेजही संपणार. मी कारकुनाकडे गेलो, शाखा बदलून मिळेल का म्हणून विचारलं. तो म्हणाला, जिल्ह्याचा दाखला आणा. “मगर आपका जिला तो बंबई में चला गया मियाँ. जिला गया तो मैं क्या करूँ?” जिल्ह्याला लिहिलं, तर तिकडून उत्तर आलं की विद्यार्थी परराज्यात शिकतो, तिथंच चौकशी करावी. तो कागद कारकुनाला दाखवला तेव्हा त्याला माझी दया आली असावी. “पहला साल पास करो,” तो हळूच म्हणाला. “फिर बड़े साहब से बोलके देखेंगे.”

म्हणजे चामड्यातून सुटायचं असेल तर आधी चामड्यात पास व्हायला हवं होतं. आणि ते मला शिकवू शकणारा एकच माणूस मला माहीत होता.

मी रोज घरी येण्याआधी नळावर हातपाय घासत असे. तरी वास राहायचा. माय माझा सदरा वेगळ्या बादलीत टाकायची. बा जेवताना दाराकडे तोंड करून बसायला लागला होता. पुस्तकाला वास येत नाही हे बोलणं पुन्हा कुणी काढलं नाही. मीही काही मागितलं नाही. कसं मागणार होतो?

एका रविवारी सकाळी चहा पिता पिता बानंच विचारलं, “हाताला काय झालं?”

तळव्यावर सुरी लागली होती. मी म्हणालो, “कातडं फाटतंय, बा.”

“दरवेळी?”

“दरवेळी.”

त्यानं कप खाली ठेवला. मग उठला आणि चुलीपाशी गेला. मायच्या हाताशी उलथनं होतं, ते उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

“घरमालकानं भिंतीचा चुना काढायला सांगितलाय. चल, काढ.”

माय म्हणाली, “अवं, माझं उलथनं झिजवता का?”

“एक दिस हातानं उलट भाकर,” बा म्हणाला.

आमच्या खोलीच्या भिंती मातीच्या. त्यांच्यावर वर्षानुवर्षांच्या चुन्याचे पापुद्रे चढलेले. बा माझ्यामागे उभा राहिला, हात पाठीमागे बांधून.

“वरचं पांढरं निघालं पाहिजे. खालच्या मातीला ओरखडा नको.”

मी जोर लावला. मातीचा ढेकूळच खाली पडला.

“मारायलास का भिंतीला? तिनं काय केलं तुझं?”

माय हसली. मलाही हसू आलं. शेडमधल्या हसण्यासारखं ते नव्हतं.

“हातानं नको ढकलू. कमरेनं सरक. हात नुसता सोबत गेला पाहिजे. अन् पातं उभं नको धरू. जे काढायचं त्याच्याकडं कल, जे ठेवायचं त्याच्याकडं पाठ.”

अख्खी सकाळ त्यानं ‘कातडं’ हा शब्द उच्चारला नाही. भिंतीबद्दलच बोलत राहिला. एकदा मी फारच चुकलो तेव्हा त्याचा उजवा हात पाठीमागून सुटून पुढं आला आणि हवेत, भिंतीच्या अंगाला न लागता, वरून खाली असा सरकला. इतका हलका आणि सरळ, की मी बघतच राहिलो. त्याच्या लक्षात आलं तसा त्यानं हात मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

त्यानंतर दर रविवारी आम्ही भिंत खरवडली. एक झाली की दुसरी. शेजारीण विचारायची, एवढे दिवस झाले, चुना लावायचा कधी? हळूहळू मला पात्याखालची माती येण्याआधीच कळायला लागली. शेडमध्ये आधी फाटणं कमी झालं, मग थांबलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक साहेब आले होते. माझं कातडं झाल्यावर उस्तादांनी ते दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. कुठं भोक नव्हतं, ओरखडाही नव्हता. उस्तादांचा चेहरा खुलला. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

“देखे साहब? मैं बोला था ना. खून में है इनके.”

साहेबांनी मान हलवली आणि गुण लिहिले. वकिलाच्या मुलानंही मान हलवली. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या खोलीच्या भिंती होत्या, ते सगळे रविवार होते. तोंडातून एवढंच निघालं, “जी, उस्ताद.”

निकाल लागला तेव्हा मी प्रात्यक्षिकात पहिला होतो. मी शाखा बदलण्याचा अर्ज घेऊन खिडकीशी गेलो. कारकून आत मोठ्या साहेबांकडे जाऊन आला आणि हसत हसत अर्ज मला परत दिला.

“साहब बोले, जिधर अव्वल आए उधर से कोई जाता क्या? मुबारक हो. तुमारा काम इधरिच पक्का.”

नल्लकुंट्यापर्यंत मी चालत आलो. बा दारातच बसला होता. आमच्या भिंती अजून तशाच होत्या, मातीच्या रंगाच्या, गुळगुळीत.

“भोक पडलं?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“मग मास्तर काय म्हणले?”

 उस्तादांचं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.

“म्हणले, पोरानं चांगलं शिकून घेतलं.”

“शिकून घेतलं म्हणले?”

“हौ.”

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. आत वळून तो मायला म्हणाला, “ऐकलंस का? शिकला म्हणले.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “आता विजेचं घे. तिकडं वास नसंल.”

मी हो म्हणालो. अर्ज घडी करून खिशात होता. आत माय भाकरी टाकत होती. उलथनं पुन्हा तिच्या हातात होतं, आणि त्याची कड झिजून पहिल्यासारखी, सुरीसारखी पातळ झाली होती.