काटेचाचांचा किब्ला

आमचे काटेचाचा दुकानदारांचे तराजू दुरुस्त करतात. सगळी हयात वजनमापात गेली, त्यामुळे कुणी नुसतं "आज बरं वाटतंय" म्हटलं तरी हे विचारणार, "कशावरून?" यांच्या निकाहाच्या वेळी वधूचा होकार आल्याचं सांगायला मामेसासरे बाहेर आले, तेव्हा नवरदेवाने "तुम्ही स्वतः ऐकलंत?" असं विचारलं होतं, अशी गल्लीत वदंता आहे. चाची ती खोडून काढत नाहीत. एवढंच म्हणतात, "तेव्हाच शहाणी झाले असते तर!"

शेजारच्या शिंप्याने एकदा त्यांना डिवचलं. "चाचा, सगळ्याला पुरावा मागता. मग अल्लाह आहे, हे कशावरून?"

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि टेबलावरचं वजन उचललं. "हा किलो बरोबर कशावरून? वजनमापाच्या कचेरीतल्या किलोवरून. तो कशावरून? त्याच्या वरच्या किलोवरून. असा वर वर जात राहा. कुठेतरी एक असा हवाच की नाही, ज्याला दुसऱ्या कुणावरून ताडून बघावं लागत नाही? नसेल तर बाजारातली सगळी मापं अधांतरी!"

शिंपी मान डोलावत निघून गेला. त्याला पटलं की गिऱ्हाईक आलं, हे मी सांगू शकत नाही.

तर असे हे चिकित्सक गृहस्थ. आणि यांच्याच घरी तो प्रकार झाला.

चाचींचा भाऊ जहाजावर इंजिनियर आहे. सुट्टीत बहिणीकडे आला आणि संध्याकाळी नमाजासाठी मुसल्ला अंथरून कपाटाकडे तोंड करून उभा राहिला. चाचा लगबगीने पुढे झाले. "अरे, कपाटाला काय सलाम करतोस? किब्ला इकडे, खिडकीच्या भिंतीकडे. काब्याची तसबीर दिसत नाही?"

"दुल्हेभाई," मेहुणा शांतपणे म्हणाला, "तसबीर तिकडे आहे. काबा इकडे आहे."

त्याने मोबाइल दाखवला. चाचा म्हणाले, मोबाइलचं काय, तो तर पावसाचाही अंदाज सांगतो. दुसऱ्या दिवशी ते होकायंत्र घेऊन गच्चीवर गेले. चाचींचे वाळत घातलेले कपडे बाजूला सारून मशिदीच्या इमारतीचा रोख बघितला, सूर्य बघितला, शेजारणीची शिवी खाल्ली. खाली आले ते तोंड पाडून. मशिदीत इतकी वर्षं किब्ल्याकडे, म्हणजे काब्याच्या दिशेला, बरोबर उभं राहणारा माणूस घरी आला की भलतीकडे वळत होता. आमची गल्ली कात्रीतून सुटलेल्या दोऱ्यासारखी वेडीवाकडी, दिशेचं भान राहतं कुणाला?

मग चौकशी सुरू झाली. तसबीर आधीच्या भाडेकरूने जाताना मागे ठेवली होती. चाचा बाजारापलीकडे जाऊन त्याला शोधून आले.

"तिथेच का लावली होतीत?"

"तिथे खिळा होता," तो म्हणाला.

खिळा! जन्मभर लोकांकडे पुरावे मागणाऱ्या माणसाने एका खिळ्याच्या शब्दावर अख्खं घर वळवलं होतं. मी हसलो, हे कबूल करतो. शिंपी तर दुकान बंद करून हसला. पण चाचा हसले नाहीत, आणि का हसले नाहीत हे चाचींनी मला जिन्यात गाठून सांगितलं.

चाचांची अम्मा. शेवटची वर्षं ती अंथरुणाला खिळून होती, नजरही गेलेली. तिची खाट चाचांनी स्वतःच्या हाताने खिडकीच्या भिंतीकडे वळवून दिली होती. ती पडल्या पडल्या मानेच्या इशाऱ्याने नमाज पढायची. खाट झाडायला हलवली की विचारायची, "किब्ला बरोबर आहे ना रे?" आणि हे म्हणायचे, "अगदी पक्का."

आता चाचा जेवत नव्हते. दुकानात एका भाजीवाल्याचा काटा दुरुस्त करून उलटा बसवला. अम्माचे सगळे नमाज वाया गेले, आणि ते आपण घालवले, एवढंच डोक्यात.

मी त्यांना इमामसाहेबांकडे नेलं. इमामसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अम्मांनी विचारलं होतं, भरवशाच्या माणसाने सांगितलं, त्या मनापासून तिकडे वळल्या. त्यांचं काही चुकलं नाही. तुम्ही मात्र दिशा नीट शोधायला हवी होती. माफी मागा आणि आजपासून बरोबर उभे राहा."

"पण तिचे नमाज कबूल झाले, हे कशावरून?"

"चाचा," इमामसाहेब म्हणाले, "माझे स्वतःचे झाले की नाही, तेही मला ठाऊक नाही. वरून पावती येत नसते."

हे ऐकून चाचा आणखी खचले. ज्या माणसाला धीर द्यायला नेलं त्याला दुप्पट घोर लावून मी परत आणला. चाचींनी माझ्याकडे असं बघितलं की चहा मिळेल ही आशा मी उंबरठ्यावरच सोडली. तरी बसलो. अशा वेळी उठून जाण्याइतका मी सज्जन नाही.

"काय म्हणाले?" चाचींनी विचारलं. चाचांनी सांगितलं. चाची परातीत तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "अहो, अम्मा तुम्हाला हाक मारायच्या, तेव्हा तोंड कुठे असायचं त्यांचं?"

"कुठे म्हणजे? दिसत नव्हतं बिचारीला. मी गॅलरीत असलो तरी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायची."

"मग तुम्ही काय करायचात? 'ही हाक माझ्या दिशेने आली नाही' म्हणून बसून राहायचात?"

"काहीतरीच काय! धावत जायचो."

"तुम्ही धावत जायचात," चाची म्हणाल्या. "आणि ज्याने त्यांना घडवलं, तुमच्यात ती माया घातली, तो भिंत बघत बसला असेल?"

चाचांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता "कशावरून" येणार. पण आलं नाही. रुमाल काढून त्यांनी नाक इतक्या जोरात शिंकरलं की परातीजवळची चिमणी उडाली. मग उठले, वजूला गेले, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

परत येऊन त्यांनी कपाटाकडे तोंड करून मुसल्ला अंथरला. नमाज झाला, दुवेला हात उठले ते खाली येईचनात. खांदे हलत होते. चाचींनी माझ्यासमोर कप ठेवला, चाचांच्या कपावर बशी झाकली. मी खुणेनेच विचारलं, अजून किती वेळ?

"घ्या तुम्ही," चाची हळूच म्हणाल्या. "त्यांचा अर्ज आज मोठा आहे."