अलार्मची वायर मी काढली होती

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत नव्या मुलांना सुरक्षेचे धडे देताना यंदापर्यंत पडद्यावर एक पान दाखवायचे: ‘तंत्रज्ञाने अलार्म बंद केल्यामुळे झालेला अपघात.’ ते धादांत खोटं होतं. अलार्म मी बंद केला होता. मी तेव्हा तिथला प्रमुख होतो.

आमचं यंत्र एकाच मूलद्रव्याच्या हलक्या आणि जड अणूंचं प्रमाण मोजायचं. तुलनेसाठी त्याला शुद्ध वायू द्यावे लागत. त्यातला एक कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. गळला तर सांगणारा फक्त भिंतीवरचा अलार्म. पण तो हायड्रोजनलाही फसायचा. आम्ही हायड्रोजन वापरायला घेतला की बोंबलायचा आणि सगळे कामं टाकून बाहेर. एका सकाळी वैतागून मी स्टुलावर चढलो आणि त्याची वायर उपटली. तंत्रज्ञ खाली स्टूल धरून उभा होता.

“सर, परवा मोनॉक्साइड लावायचाय. तेव्हा जोडायची ना?”

“हो रे बाबा, आठवण करून दे.”

त्याने करून दिली. दोनदा. मी “बघतो” म्हणालो.

मोनॉक्साइड लावला त्या दिवशीही वायर तशीच सुटलेली होती. वायू बाहेर सोडणारी नळी खिडकीपाशी निसटली आणि तंत्रज्ञ यंत्रासमोरच कोसळला. वाचला, पण डोकेदुखी कायमची लागली. चौकशीला आलेल्या साहेबांनी त्याला काही विचारलंच नाही. मला विचारलं, “स्टूल कोणी आणलं होतं?” मी म्हणालो, “त्याने.” पुढचं त्यांनी त्यांच्या सोयीने लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. त्याला भांडारात टाकलं, यंत्राला पुन्हा हात लावू दिला नाही. मला निवृत्तीला शाल आणि श्रीफळ!

यंदा मला तिथे मार्गदर्शनाला बोलावलं होतं. पडद्यावर ते पान आलं, आणि मी गप्प बसलो. चहासुद्धा प्यायलो. तिथून मात्र थेट करी रोडला त्याच्या घरी गेलो आणि सगळं बोललो.

तो म्हणाला, “मला माहीत आहे, सर. मी तिथेच होतो की.”

त्याची बायको आतून आली. “ह्यांना काय सांगताय? जिथे सांगायचं तिथे तोंड उघडा!”

दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोगशाळेत गेलो. आताच्या प्रमुख बाई म्हणाल्या, “सर, जुनं कशाला उकरताय? हवं तर ते पानच काढून टाकते.”

माझं डोकं फिरलं. “काढून काय टाकता? इतकी वर्षं पोरांना त्याचा गुन्हा दाखवलात, आता माझा दाखवायची लाज वाटते?”

मी लेखी जबाब त्यांच्या टेबलावर ठेवला आणि पान बदलेपर्यंत खुर्चीवरून उठलो नाही. मग तिथूनच त्याला फोन लावला आणि वाचून दाखवलं: ‘प्रयोगशाळा प्रमुखाने अलार्मची वायर काढली. तंत्रज्ञाने ती जोडण्याची दोनदा आठवण करून दिली होती.’

तो म्हणाला, “थांबा सर, हिला देतो. हिला वाचून दाखवा.”