झरोक्यांवरचे दिवंगत

आमच्या चर्चमधले पंखे कायम एकवर चालत. विजेच्या काटकसरीशी त्याचा संबंध नव्हता. प्रत्येक पात्यावर तांबड्या रंगात कुणाच्या तरी 'स्मरणार्थ' असं लिहिलेलं होतं, आणि पंखा जोरात फिरला की आजोबांचं नाव वाचता येत नाही, अशी एका कुटुंबाची तक्रार आली होती. पंचकमिटीने ती एकमताने मान्य केली. कमिटीत एकमत झाल्याचं मला आठवतं ते तेवढंच.

अशा इमारतीला बुरशी लागली यात नवल काय? दिवाळी उलटली तरी भिंती ओल्या, वेदीमागे काळे-हिरवे डाग, गीतपुस्तकांना कुबट वास, आणि उपदेश सुरू झाला की खोकल्याची साथ. पाळकसाहेबांना आधी वाटलं, लोक खोकून काही सुचवताहेत. त्यांनी उपदेश आखूड केला. खोकला तसाच राहिला, उपस्थिती मात्र वाढली.

आईच्या बाबतीत हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिला दमा होता. बिबवेवाडीहून निघून स्वारगेटला बस बदलून ती दर रविवारी यायची आणि भिंतीकडेच्या एका ठरावीक बाकावर बसायची, कारण त्या बाकाशेजारी वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी होती. ती तिनेच लावून घेतली होती. उपासनेआधी ती रुमालाने पाटी पुसायची आणि मगच बसायची. पण त्या वर्षी दोन गीतं म्हणेपर्यंत तिची छाती वाजू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, "चर्च किंवा फुप्फुसं, काय ते एक ठरवा."

आईने तिसराच मार्ग काढला. ती बाहेर पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू लागली. आतलं गाणं तिच्यापर्यंत उशिरा पोचायचं, त्यामुळे ती सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे गायची. लोक आत जाताना तिला "सलाम, बाई" म्हणायचे आणि आपापल्या बाकावर जाऊन खोकायचे. मला ते बघवत नसे. मी घरी बसायला सांगितलं, तर म्हणाली, "तुझे वडील आत आहेत. मी निदान दारात तरी बसते."

कमिटी स्वस्थ बसली होती असं कुणी म्हणू नये. कमिटीने भिंतींना चकचकीत ऑइल पेंट लावला. भिंतीला रेनकोट घातल्यासारखं झालं. ओल आतल्या आत राहिली आणि पावसाळ्यात रंगाला फोड आले. मग बाकांखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या. त्यानंतर चर्चला वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेचा वास येऊ लागला. शेवटी कुणीतरी हवा शुद्ध करणारं यंत्र द्यायची तयारी दाखवली, अर्थात यंत्रावर आईवडिलांचं नाव घालण्याच्या अटीवर.

यंत्र येण्याआधी पाळकसाहेबांनी जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या एका बाईंना बोलावलं. चहा-बिस्किटं आत मांडलेली असताना या बाई इमारतीला बाहेरून फेरी मारत बसल्या, हे कमिटीच्या चिटणीसांना आवडलं नाही. बाई आत आल्या आणि त्यांनी विचारलं, "बाहेरून भिंतीत जाळीचे झरोके दिसतात. आत कुठे आहेत?"

"आत आमचे दिवंगत आहेत," चिटणीस म्हणाले.

खरंच होतं ते. ज्यांनी चर्च बांधलं त्यांनी हवा खेळावी म्हणून बाकांच्या उंचीवर सगळीकडे झरोके ठेवले होते. पुढे कुणाला तरी तिथून वारा लागला. त्याच सुमारास कुणाचे तरी वडील वारले. पाटी बसवायला भिंत फोडावी लागत नाही, चौकट आयती आहे, हे ज्याच्या लक्षात आलं तो पुण्याचाच असणार. एकाची पाटी बसली म्हटल्यावर दुसऱ्याचे वडील काय कमी होते? वेदीजवळचे झरोके आधी गेले, दाराजवळचे उशिरा मरणाऱ्यांना मिळाले. असं करत करत प्रभूमध्ये झोपी गेलेल्यांनी जिवंतांची हवा बंद केली.

बाईंचा सल्ला सोपा होता. ऑइल पेंट खरवडा, चुन्याचा गिलावा करा, झरोके उघडा. पहिल्या दोन गोष्टी लगेच मंजूर झाल्या. तिसरीसाठी सभा बोलवावी लागली.

सभेला एवढी गर्दी नाताळालाही नसते. बुरशी वाईट, यावर दुमत नव्हतं. पाट्या काढाव्यात, हेही बहुतेकांना मान्य होतं. सुरुवात समोरच्या भिंतीपासून करावी, एवढाच ज्याचा त्याचा आग्रह होता. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "आमच्या आजोबांनी या मंडळीसाठी रक्त आटवलं. त्यांना उचलून कुठे ठेवणार?" कुंपणाच्या भिंतीवर, असं उत्तर आल्यावर ते म्हणाले, "म्हणजे रस्त्यावर!" दुसऱ्या एका सद्गृहस्थाने तोडगा सुचवला की पाट्या राहू द्याव्यात आणि त्यांनाच भोकं पाडावीत, फक्त नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा सोडून. यावर गंभीरपणे चर्चा झाली.

आई दाराशी खुर्ची घेऊन बसली होती. ती उठली, पण बोलण्याआधी तिला दम घ्यावा लागला. सभा तिच्यासाठी थांबली. कुणीतरी पंखा दोनवर केला.

"आमच्या यजमानांपासून सुरुवात करा," ती म्हणाली. "त्यांना बंद खिडकी सहन व्हायची नाही. डिसेंबरातसुद्धा ते खिडकी उघडायचे आणि मी लावायचे. जन्मभर आमचं दुसरं भांडण नव्हतं. आणि ते गेल्यावर मी त्यांना नेऊन लावलं कुठे, तर खिडकीवर." ती खाली बसली. निवृत्त शिक्षकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यानंतर भोकांचा विषय कुणी काढला नाही.

वडिलांची पाटी सगळ्यात आधी निघाली. मागे कोळिष्टकं होती आणि चिमणीचं वाळकं घरटं. बाकीच्या पाट्याही हळूहळू निघाल्या, कुरकुरत, पण निघाल्या. आता सगळे दिवंगत कुंपणाच्या भिंतीवर ओळीने आहेत आणि तिथे वेदीजवळ कोण यावरून वाद नाही, कारण तिथे वेदीच नाही. चुन्याचा गिलावा वाळायला पुढचा हिवाळा उजाडला.

त्या डिसेंबरात आई पुन्हा तिच्या बाकावर बसली. सवयीने तिने रुमाल काढला, पण पुसायला शेजारी काही नव्हतं. पहिलं गीत तिने सगळ्यांबरोबर, ओळीला ओळ लावून म्हटलं. दुसरंही म्हटलं. छाती वाजली नाही. मी मुकाट्याने पुस्तकात डोकं घातलं, कारण मला रडू येत होतं.

प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले. झरोक्यातून थंडगार वारा येत होता. आईने पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला आणि झरोक्याकडे तोंड करून, अगदी हळू आवाजात, पण पूर्वीच्याच वैतागाने म्हणाली, "अहो, झालं का समाधान?"